जनुकांची दारे धरणारी प्रथिने : त्यांची घडण आणि जोड्या आधी कशा ओळखतात?



गव्हाला किंवा उसाला पाणी देताना दारे धरणारा माणूस खोरे घेऊन बांधावर उभा असतो. विहिरीचे पाणी पाटात एकच असते. परंतु ते कोणत्या वाफ्यात, केव्हा आणि किती वेळ सोडायचे हे तो ठरवितो. एक दार मोडतो, दुसरे बांधतो. माणूस जाणता असेल तर सगळे वाफे सारखे भिजतात. त्याला डुलकी लागली तर पहिला वाफा फुटतो आणि शेवटचा कोरडा राहतो.

पिकाच्या प्रत्येक पेशीतही अशीच व्यवस्था असते. ज्वारीच्या मुळात, धाटात आणि पानात जनुके तीच असतात. तरीही मूळ जमिनीतून अन्न शोषते आणि पान सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. हा फरक जनुकांचा नाही. कोणती जनुके केव्हा चालू करायची आणि कोणती बंद ठेवायची, याचा तो फरक आहे. हे दारे धरण्याचे काम काही खास प्रथिने करतात. त्यांना आपण नियामक प्रथिने म्हणू.

या प्रथिनांशी शेतकऱ्यांचा संबंध नवीन नाही. बुटका गहू न लोळता उभा राहतो, द्राक्षाच्या मण्यांवर जी. ए. चा परिणाम होतो, भाताचा एखादा वाण कडा करप्याला बळी पडत नाही. या सर्वांच्या मुळाशी नियामक प्रथिनांचेच काम आहे. मात्र या प्रथिनांचा आकार कसा आहे आणि ती कोणाशी जोडी जमवितात, हे कळण्यास पूर्वी अनेक वर्षे लागत. गेल्या काही वर्षांत हा आकार संगणकाच्या साहाय्याने आधीच सांगण्याची पद्धत विकसित झाली आहे. ही पद्धत काय आहे, तिचा शेतीला कसा उपयोग होतो आणि तिच्यावर किती विसंबावे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

नियामक प्रथिने म्हणजे काय?

पेशीतील डी. एन. ए. हा एक लांबच लांब धागा असतो. त्यावर ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. जनुक म्हणजे या मजकुरातील एक परिच्छेद. त्या परिच्छेदावरून पेशी एक विशिष्ट प्रथिन तयार करते. प्रत्येक जनुकाच्या अलीकडे काही अक्षरांचा एक पट्टा असतो. त्याला जनुकाचे दार समजावे. नियामक प्रथिन या पट्ट्यावर येऊन बसले की जनुक चालू होते किंवा बंद पडते.

वनस्पतींमध्ये असे पहिले प्रथिन १९८७ साली मक्यात ओळखले गेले. मक्याच्या काही जातींत दाणा जांभळा असतो. हा रंग तयार करणारी जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाला सी-१ असे नाव आहे. हे प्रथिन काम करीत नसेल तर रंग बनविणारी जनुके जागेवर असूनही दाण्यात जांभळा रंग उतरत नाही.

मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस ही लहान रानटी वनस्पती शास्त्रज्ञ प्रयोगासाठी वापरतात. तिचा संपूर्ण जनुकसंच २००० साली वाचून झाला. त्यात १,५०० हून अधिक नियामक प्रथिनांची जनुके आढळली. म्हणजे एकूण जनुकांपैकी शेकडा ५ च्या आसपास. भाताच्या जनुकसंचाचे वाचन २००५ साली पूर्ण झाले. त्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारताचाही सहभाग होता आणि अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाचे वाचन दिल्ली येथील शास्त्रज्ञांनी केले. अशा रीतीने मजकूर हाती आला. परंतु मजकुरावरून प्रथिनाचे काम लगेच कळत नाही. त्यासाठी त्याचा आकार कळावा लागतो.

घडण का महत्त्वाची?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. साखळीच्या कड्या २० प्रकारच्या असतात आणि एका प्रथिनात साधारणपणे शेकडो कड्या असतात. ही साखळी सरळ राहत नाही. ती पेशीत तयार होताच दुमडते, वळते आणि तिला ठराविक आकार येतो. काही भागाची स्प्रिंगसारखी गुंडाळी होते, तर काही भाग पट्ट्यांसारखे शेजारी शेजारी बसतात. प्रथिनाचे काम या आकारावर अवलंबून असते. किल्ली लोखंडाची असो की पितळेची, तिचे दाते कुलपाशी जुळले तरच कुलूप उघडते.

नियामक प्रथिनांमध्ये डी. एन. ए. ला पकडणारा भाग आकारानुसार निरनिराळ्या घराण्यांत मोडतो. त्यांपैकी काही पुढीलप्रमाणे आहेत.

१) वर्की घराणे : सुमारे ६० कड्यांचा भाग डी. एन. ए. च्या खाचेत शिरतो आणि टी-टी-जी-ए-सी ही अक्षरे असलेली जागा पकडतो. पिकाच्या रोगप्रतिकारात या घराण्याचा मोठा वाटा आहे.

२) बी-झिप घराणे : यात दोन प्रथिने जोडीने काम करतात. चिमट्याने निखारा धरावा तशी ती डी. एन. ए. ला दोन्ही बाजूंनी धरतात. जोडीदार बदलला की कोणते दार उघडायचे तेही बदलू शकते.

३) जस्त-बोट घराणे : यात साखळीचा एक भाग जस्ताच्या अणूभोवती वळून बोटासारखा आकार घेतो. आपण झिंक सल्फेटमधून पिकाला जे जस्त देतो, ते पिकाला लागण्याच्या अनेक कारणांपैकी हे एक कारण आहे.

जोडीची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. नियामक प्रथिन सहसा एकटे काम करीत नाही. कोणी त्याला मदत करते, कोणी त्याचा हात धरून ठेवते, तर कोणी त्याचा नाश घडवून आणते. म्हणून शास्त्रज्ञांना आकार आणि जोड्या, दोन्ही कळणे आवश्यक असते.

आकार ओळखण्याची जुनी आणि नवी रीत

जुन्या पद्धतीत प्रथिन शुद्ध करून त्याचे स्फटिक तयार करावे लागतात. साखरेच्या पाकात खडे धरतात तसे हे स्फटिक धरतात. पण ते धरतीलच याची खात्री नसते. नंतर त्यांवर क्ष-किरण सोडून आकाराचे गणित मांडले जाते. या कामात कधी कधी एका प्रथिनामागे अनेक वर्षे जातात. अशा प्रकारे प्रयोगाने ठरविलेल्या आकारांची जागतिक नोंदवही १९७१ साली सुरू झाली. तिच्यात २०२३ पर्यंत सर्व सजीवांची मिळून दोन लाखांहून अधिक नोंदी झाल्या. त्यांत वनस्पतींच्या नियामक प्रथिनांचा वाटा लहान आहे.

साखळीतील कड्यांच्या क्रमातच आकार दडलेला असतो, हे अमेरिकन शास्त्रज्ञ अनफिन्सेन यांनी दाखवून दिले. त्यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. साखळी कोणत्या कोनात वळू शकते आणि कोणत्या कोनात वळू शकत नाही, याचा नकाशा मद्रास विद्यापीठातील डॉ. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडला. आजही जगात कोणताही नवा आकार तपासताना तो रामचंद्रन आलेखावर ताडून पाहिला जातो.

क्रमावरून आकार सांगण्याची एक जागतिक स्पर्धा १९९४ पासून दर दोन वर्षांनी होते. प्रयोगाने ठरविलेला, पण प्रसिद्ध न झालेला आकार झाकून ठेवतात आणि स्पर्धकांना फक्त क्रम देतात. २०२० साली या स्पर्धेत अल्फाफोल्ड या संगणकीय पद्धतीने १०० पैकी ९२ च्या आसपास मध्यक गुण मिळविले. पूर्वी असे यश कोणालाही मिळाले नव्हते. २०२२ साली वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजित आकार सर्वांसाठी विनामूल्य खुले करण्यात आले. त्यांत भात, मका आणि सोयाबीन या पिकांची प्रथिने आहेत. मे २०२४ मध्ये आलेल्या पुढील आवृत्तीत प्रथिन आणि डी. एन. ए. एकमेकांना कसे धरतात याचाही अंदाज करता येऊ लागला. या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना, तसेच नवीन प्रथिने रचण्याच्या कामासाठी डेव्हिड बेकर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

संगणकाला हे कसे जमते? एकच प्रथिन निरनिराळ्या वनस्पतींत थोड्याफार फरकाने आढळते. संगणक ते सर्व क्रम एकाखाली एक मांडतो. एक कडी बदलली की दूरची दुसरी कडीही प्रत्येक वेळी बदललेली दिसली, तर त्या दोन कड्या दुमडल्यावर एकमेकींजवळ येत असाव्यात असे अनुमान निघते. कुऱ्हाडीचे भोक मोठे केले तर दांडाही जाड करावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. दोन निरनिराळ्या प्रथिनांतील कड्या अशा बरोबरीने बदलत असतील तर ती दोन प्रथिने जोडीने काम करीत असण्याचा संभव असतो. या खुणा आणि प्रयोगाने ठरविलेले आकार यांवरून संगणकाला शिकविले जाते.

आता या ज्ञानाचा शेताशी काय संबंध आहे ते तीन उदाहरणांवरून पाहू.

उदाहरण पहिले : बुटका गहू आणि त्याची नत्राची भूक

पूर्वीचे उंच गहू खताचा हप्ता वाढविला की लोळत. जपानमध्ये १९३५ साली नोंदविलेल्या नोरिन-१० या बुटक्या गव्हापासून डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत बुटके वाण तयार केले. भारताने १९६६ साली अशा वाणांचे १८,००० टन बियाणे आणले. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. परंतु हा गहू बुटका का राहतो, हे मात्र १९९९ पर्यंत उलगडले नव्हते.

वनस्पतीत डेला नावाचे एक नियामक प्रथिन असते. ते वाढीला लगाम घालते. ते स्वतः डी. एन. ए. वर बसण्याऐवजी वाढीची जनुके चालू करणाऱ्या इतर प्रथिनांचे हात धरून ठेवते. जिब्रेलिन हे संजीवक, म्हणजे द्राक्ष बागायतदारांच्या परिचयाचे जी. ए., हा लगाम सोडविते. ते कसे सोडविते हे जपानमधील शास्त्रज्ञांनी २००८ साली स्फटिक पद्धतीने दाखविले. जी. ए. ला ओळखणाऱ्या प्रथिनात एक खळगा असतो. जी. ए. त्यात बसले की खळग्यावर झाकण पडते आणि त्या झाकणावर डेलाचे टोक नेमके चिकटते. अशा रीतीने पकडलेला डेला पेशी मोडून टाकते आणि वाढ मोकळी होते.

बुटक्या गव्हाच्या जनुकात एका अक्षराचा फरक झालेला आहे. त्यामुळे तयार होणाऱ्या डेलाला पकडण्याजोगे टोकच राहत नाही. झाकण पडते, पण धरायला काही नसते. डेला टिकून राहतो आणि गहू बुटका राहतो.

द्राक्षातही असेच आढळले आहे. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २००२ साली एका बुटक्या द्राक्षवेलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्या डेलाच्या टोकातील फक्त एक कडी बदललेली होती. या वेलीवर बाळीच्या जागी घड येत होते. जी. ए. चा जोर जास्त झाला की घडाची बाळी होते, हा आपल्या बागायतदारांचा अनुभव आहे. त्या वेलीत याच्या नेमके उलट घडले होते. एप्रिल छाटणीनंतर शेंडावाढ रोखणारे काही वाढनिरोधकही वेलीत जी. ए. तयार होण्यास अटकाव करूनच काम करतात.

आता खर्चाचा मुद्दा पाहू. डेला टिकून राहिला की पीक लोळत नाही, हा फायदा झाला. परंतु तोच डेला जीआरएफ-४ या दुसऱ्या नियामक प्रथिनाच्या आणि त्याच्या मदतनीसाच्या मध्ये येतो. जीआरएफ-४ हे नत्र उचलण्याची आणि त्याचा वापर करण्याची जनुके चालू करते. त्याची जोडी मोडली की नत्र उचलण्याचे काम मंदावते. म्हणूनच बुटक्या वाणांना पुरेसे उत्पादन देण्यासाठी नत्राचा हप्ता अधिक द्यावा लागतो. हे २०१८ साली चीन आणि ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी भात व गहू या दोन्ही पिकांत दाखविले. पिकात जीआरएफ-४ चे प्रमाण वाढविल्यावर उंची न वाढता नत्राचा वापर सुधारला, असेही त्यांना आढळले.

म्हणजे युरियाच्या गोणीवरील आपल्या खर्चाचा एक धागा तीन प्रथिनांच्या पकडापकडीपर्यंत जातो. ही पकड कोणत्या कड्यांमुळे होते हे नेमके कळले, तर बुटकेपणा राखून फक्त नत्राचा अडथळा दूर करणारा वाण शोधणे पैदासकाराला सोपे जाईल.

उदाहरण दुसरे : भातावरील कडा करपा

कडा करपा हा जिवाणूजन्य रोग आहे. पानाच्या कडा टोकाकडून पिवळ्या पडून वाळत जातात. भारतातील या रोगाच्या सुरुवातीच्या नोंदी १९५० च्या दशकात आपल्याच तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात झाल्या. १९६३ साली बिहारमध्ये त्याची मोठी साथ आली.

हा जिवाणू भाताच्या पेशीत स्वतःची प्रथिने टोचतो. ही प्रथिने भाताच्या डी. एन. ए. वर जाऊन बसतात आणि साखर पेशीबाहेर सोडणारी जनुके चालू करतात. बाहेर आलेल्या साखरेवर जिवाणू पोसतो. दुसऱ्याच्या शेतात शिरून रात्री दार मोडून पाणी आपल्याकडे वळवावे, असाच हा प्रकार आहे.

या प्रथिनांची घडण विलक्षण आहे. सुमारे ३४ कड्यांचा एक तुकडा त्यांत पुन्हा पुन्हा येतो. सर्व तुकडे जवळजवळ सारखे असतात. फक्त १२ व्या आणि १३ व्या जागेवरील कड्या बदलतात. प्रत्येक तुकडा डी. एन. ए. वरील एक अक्षर धरतो आणि कोणते अक्षर धरायचे ते या दोन कड्या ठरवितात. हा संकेत २००९ साली जर्मनी आणि अमेरिकेतील दोन गटांनी स्वतंत्रपणे उलगडला. त्यामुळे जिवाणूच्या प्रथिनाचा क्रम वाचला की ते भाताच्या कोणत्या दारावर बसण्याचा संभव आहे, हे कागदावर लिहून काढता येऊ लागले. पुढे २०१२ साली प्रत्यक्ष आकार पाहता आला. तेव्हा हे प्रथिन डी. एन. ए. भोवती वेलीसारखे वेटोळे घालते असे दिसून आले.

याच माहितीमुळे दोन जुन्या प्रतिकारक जनुकांचे कोडे सुटले.

१) एक्सए-१३ : या भातात साखरेच्या जनुकाच्या दारावरील अक्षरे बदललेली आहेत. चोराची किल्ली त्या कुलपाला लागत नाही.

२) एक्सए-५ : जिवाणूच्या प्रथिनाला भाताच्याच एका प्रथिनाची मदत घ्यावी लागते. त्या मदतनीस प्रथिनाची ३९ वी कडी या भातात बदललेली आहे. त्यामुळे चोराचा हात त्यावर ठरत नाही. पिकाचे स्वतःचे काम मात्र चालू राहते.

हैदराबाद येथील भात संशोधन संचालनालय आणि पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र यांनी एक्सए-२१, एक्सए-१३ आणि एक्सए-५ ही तिन्ही जनुके सांबा मसुरी या लोकप्रिय वाणात साध्या संकराने, खुणांच्या आधारे निवड करून एकत्र आणली. हा सुधारित सांबा मसुरी वाण २००८ साली प्रसारित झाला. जिवाणू एक कुलूप उघडायला शिकला तरी दुसरी दोन शिल्लक राहतात, हा तीन जनुके एकत्र आणण्यामागचा हेतू आहे.

उदाहरण तिसरे : डीएसटी आणि भाताचे नवे वाण

भाताच्या पानावर बारीक छिद्रे असतात. त्यांतून हवा आत येते आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. डीएसटी नावाचे जस्त-बोट घराण्यातील एक नियामक प्रथिन ही छिद्रे उघडी राहण्यास कारणीभूत ठरते. २००९ साली असे दिसून आले की हे प्रथिन काम करीनासे झाले तर छिद्रे अधिक मिटतात, त्यांची संख्याही कमी होते आणि भात अवर्षण व क्षार अधिक सोसतो. पुढे २०१३ साली याच प्रथिनाचे दुसरे कामही कळले. लोंबी तयार होताना ते जीएन-१ए हे जनुक चालू करते. या जनुकापासून तयार होणारे विकर सायटोकायनिन या संजीवकाचा नाश करते, त्यामुळे दाण्यांची संख्या मर्यादित राहते.

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी भारतात तयार झालेल्या दोन जनुक-संपादित भात वाणांची घोषणा केली. एमटीयू-१०१० या वाणात डीएसटी जनुकात बदल करून पुसा डीएसटी राइस-१ तयार करण्यात आला, तर सांबा मसुरीत जीएन-१ए जनुकात बदल करून डीआरआर धान-१०० म्हणजेच कमला तयार करण्यात आला. एकात दारे धरणाऱ्याला हात घातला आहे, तर दुसऱ्यात त्याच्याच एका दाराला. पूर्व विदर्भातील धान उत्पादकांना एमटीयू-१०१० परिचित आहे आणि कोकणातील खार जमिनीत क्षारांचा प्रश्न कायमचा आहे. त्यामुळे या संशोधनाकडे आपले लक्ष असणे स्वाभाविक आहे.

मात्र यातच सावधगिरीचा धडाही आहे. एकच प्रथिन दोन कामे करते. पानांची छिद्रे मिटली की पाणी वाचते, पण हवाही कमी आत येते. म्हणून संपूर्ण प्रथिन बंद करावे की त्याचा एखादाच भाग बदलावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. डीएसटीचा कोणता भाग डी. एन. ए. पकडतो आणि कोणता भाग जोडीदाराला धरतो हे आकारावरून कळले, तर असा बदल मोजूनमापून करता येतो.

अंदाजावर किती विसंबावे?

संगणकाने दिलेला आकार हा अंदाज असतो. हवामानाच्या अंदाजासारखाच तो वापरावा. त्याच्या मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत.

१) प्रत्येक अंदाजासोबत कडीगणिक विश्वासाचे गुण दिलेले असतात. ९० च्या वर गुण असतील तर तो भाग बहुतांशी बरोबर समजावा. ५० च्या खाली असतील तर त्या भागाच्या चित्रावर विसंबू नये.

२) नियामक प्रथिनांचा बराचसा भाग सुताच्या गुंत्यासारखा सैल असतो. त्याला कायमचा आकारच नसतो. जोडीदार भेटल्यावर तो आकार घेतो. नेमके हेच भाग जोडी जमविण्याचे काम करतात आणि तेथेच अंदाज कच्चा ठरतो.

३) एक कडी बदलली तर काय होईल, याचे उत्तर ही पद्धत खात्रीने देऊ शकत नाही. शेतीत मात्र एका कडीनेच मोठा फरक पडतो, हे द्राक्षाच्या आणि एक्सए-५ च्या उदाहरणावरून दिसून येते.

४) दोन प्रथिने चित्रात जुळली म्हणजे ती पिकात भेटतातच असे नाही. एक मुळात आणि दुसरे फुलोऱ्यात असेल, तर भेट होणार कशी?

म्हणून अंदाजानंतर प्रयोग करावाच लागतो. दोन प्रथिने यीस्टच्या पेशीत एकत्र ठेवून ती खरोखर जुळतात का हे पाहतात. त्यानंतर पिकात, मग प्रक्षेत्रावर आणि शेवटी निरनिराळ्या विभागांत अनेक हंगाम चाचण्या घेतात. अंदाजामुळे शंभर शक्यतांतून चार-पाच निवडता येतात आणि वेळ वाचतो. परंतु त्या चार-पाचांतून कोणती खरी, हे शेतच ठरविते.

शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१) वाणाची घोषणा झाली म्हणजे बियाणे विक्रीस आले असे नव्हे. वाण आपल्या विभागासाठी शिफारस केलेला आहे का, हे कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विभागाच्या शिफारशीत पाहावे. बियाण्याची पावती आणि पिशवीवरील खूणचिठ्ठी जपून ठेवावी.

२) जनुक-संपादन आणि बाहेरचे जनुक घालणे यांत फरक आहे. संपादित पिकात बाहेरचे जनुक शिल्लक राहिलेले नसेल, तर जैवसुरक्षा नियमांतील काही तरतुदींतून त्याला सूट देण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०२२ साली घेतला आहे. सूट असली तरी वाणाच्या प्रक्षेत्र चाचण्यांची गरज संपत नाही.

३) 'जनुके जागी करणारे', 'प्रथिने चालू करणारे' अशा नावाखाली एखादे औषध किंवा टॉनिक विकले जात असेल, तर विद्यापीठाच्या चाचणीचा अहवाल मागावा. तो मिळत नसेल तर पैसे खर्च करू नयेत.

४) बुटक्या वाणांची नत्राची भूक मोठी असली तरी माती परीक्षणानुसारच आणि हप्त्याहप्त्याने नत्र द्यावे. भातात नत्राचा अतिरेक झाल्यास कडा करपा बळावतो.

५) कडा करप्याचा प्रादुर्भाव होणाऱ्या भागात प्रतिकारक वाण निवडावा. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे कापू नयेत, कारण जखमेतून जिवाणू आत शिरतो. रोगट शेतातील पाणी शेजारच्या खाचरात सोडू नये.

६) एकच प्रतिकारक वाण सर्व क्षेत्रावर वर्षानुवर्षे घेऊ नये. चोर नवी किल्ली बनवीतच असतो.

सारांश

नोरिन-१० ची नोंद १९३५ साली झाली, त्याचे जनुक १९९९ साली हाती आले आणि डेलाची पकड २००८ साली डोळ्यांना दिसली. या तीन टप्प्यांत ७३ वर्षे गेली. आज एखाद्या पिकाच्या नियामक प्रथिनाचा अंदाजित आकार काही तासांत मिळू शकतो. नव्या वाणाच्या वाटेतील एक मोठा टप्पा त्यामुळे जवळ आला आहे. परंतु उरलेली वाट तीच आहे : संकर किंवा संपादन, निवड, चाचणी आणि शेतकऱ्याच्या शेतावरील अनुभव. दारे धरणाऱ्याचे नाव, गाव आणि त्याचे सोबती कळले म्हणून वाफे आपोआप भिजत नाहीत. खोरे हातात घ्यावेच लागते.